धुकं ठरलेलं, वेळापत्रक बेसावध

डिसेंबरच्या मध्याला दिल्लीत धुकं दाटलं की पुण्यात भांडण पेटतं. एका बाजूला लोहगाव विमानतळाच्या नव्या टर्मिनलमध्ये तासन्‌तास ताटकळलेले प्रवासी आणि घरी फोन लावून बसलेले त्यांचे नातेवाईक. 'तिकडे हेलसिंकीला गुडघाभर बर्फात विमानं उतरतात आणि आपल्याकडे जरा धुकं पडलं की बोंब', हा त्यांचा ठेवणीतला दाखला. दुसऱ्या बाजूला समंजसपणाचा मक्ता घेतलेली मंडळी: 'निसर्गापुढे कुणाचं काही चालतं का? जीव मोठा की वेळ?' दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही फक्त धुक्याबद्दल बोलत राहतात. धुक्यामुळे एखादं विमान उशिरा सुटलं तर तक्रार करू नये, हे मला मान्य आहे. पण दर वर्षी ठरल्या महिन्यांत येणारं धुकं वेळापत्रकात धरलेलंच नसेल तर तक्रार केलीच पाहिजे, आणि ती वेळापत्रक आखणाऱ्यांकडे व मंजूर करणाऱ्यांकडे केली पाहिजे. दिल्लीच्या फेऱ्यांसाठी धुक्याच्या दोन महिन्यांचं वेगळं, विरळ आणि आधी जाहीर झालेलं वेळापत्रक हवं. एवढंच मागणं आहे.

समंजस मंडळींचं म्हणणं आधी मान्य करून टाकू, कारण त्यात तथ्य आहे. विमान उतरवणाऱ्या यंत्रणेच्या पायऱ्या असतात. कॅट-१ यंत्रणेवर उतरायचं तर धावपट्टीवर साधारण ५५० मीटरपर्यंतचं दिसावं लागतं. दिल्लीत कॅट-३ बी आहे. तिथे दृश्यमानता ५० मीटरवर आली तरी विमान उतरू शकतं. ऐकायला हे रामबाण वाटतं. पण नुसती जमिनीवरची यंत्रणा पुरत नाही. विमानातही तशी उपकरणं लागतात आणि वैमानिकांचं खास प्रशिक्षण झालेलं असावं लागतं. शिवाय उड्डाणासाठी १२५ मीटर दिसणं गरजेचं. म्हणजे ८० मीटर दृश्यमानतेत विमानं उतरत राहतात पण उडत नाहीत, आणि बघता बघता त्यांना उभं करायला जागा उरत नाही. दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, त्यामुळे तासाभरात होणारी ये-जा घटते ती वेगळीच. अशा वेळी वैमानिक 'नाही' म्हणाला तर तो शब्द शेवटचाच असला पाहिजे. १४ जानेवारी २०२४ ला दिल्लीत उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकावर एक प्रवासी धावून गेला आणि त्याने हात चालवला. ती चित्रफीत देशभर फिरली. उशिराचा राग त्या माणसाने ज्याच्यावर काढला, त्या वैमानिकाच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं.

आता 'लोहगावलाही कॅट-३ बसवा' म्हणणाऱ्यांकडे वळू. मागणी जोरदार आहे, पत्ता चुकलेला आहे. दुखणं दिल्लीत आणि लेप पुण्याला. लोहगावला कधीमधी सकाळी धुरकं असतंच, पण डिसेंबर-जानेवारीत पुणेकर ज्या उशिराने हैराण होतात, त्यातला मोठा वाटा उत्तरेकडून येतो. त्यात लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. नागरी विमानांना तिथे मिळतात त्या उरलेल्या वेळा. तिथे कितीही महागडी यंत्रणा बसवली तरी दिल्लीत अडकलेलं विमान ती पुण्याला ओढून आणणार नाही.

परदेशाच्या दाखल्यांचंही जरा पाहू, कारण ते अर्धवट दिले जातात. हेलसिंकी बर्फात चालू राहतं हे खरं. तिथे बर्फ हा दर हिवाळ्याचा रोजचा धंदा आहे आणि यंत्रं, माणसं, वेळा सगळं त्या हिशेबाने लावलेलं आहे. पण युरोपातल्याच हीथ्रोचं डिसेंबर २०१० मध्ये काय झालं? नाताळच्या तोंडावर, १८ डिसेंबरला बर्फ पडला आणि जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक विमानतळ ठप्प झाला. धावपट्टी साफ करता आली, पण उभ्या विमानांभोवती गोठलेला बर्फ निघेना. हजारो लोक टर्मिनलच्या फरशीवर झोपले. नंतर डेव्हिड बेग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि तिने बोट ठेवलं ते अपुऱ्या पूर्वतयारीवर आणि प्रवाशांपर्यंत वेळेत न पोहोचलेल्या माहितीवर. 'बर्फ फार होता' एवढ्यावर अहवाल संपला नाही. तेव्हा 'परदेशात सगळं चालतं' हे खोटं. जिथे हवामान आधी हिशेबात धरलेलं असतं तिथे चालतं, एवढंच खरं.

रस्त्यांचीही तीच गत. २८ जानेवारी २०१४ ला अमेरिकेतल्या अटलांटा शहरात दोन-अडीच इंच बर्फ पडला. शिकागोत एवढ्याशा बर्फाची कुणी दखलही घेतली नसती. अटलांटात मात्र हजारो मोटारी महामार्गांवर सोडून लोक पायी निघाले, मुलांनी शाळेत रात्र काढली, काही तर शाळेच्या बसमध्येच अडकली. या शहराच्या बाजूनेही बोलता येतं, आणि ते जोरकस आहे: वर्षा-दोन वर्षांतून एखादा दिवस पडणाऱ्या बर्फासाठी शहराने यंत्रांचा ताफा पोसायचा का? नाहीच पोसायचा. पण अटलांटाची कोंडी यंत्रांअभावी झाली असं म्हणून भागत नाही. बर्फ पडायला लागल्यावर शाळा, खासगी कचेऱ्या आणि सरकारी कचेऱ्या जवळजवळ एकाच वेळी सुटल्या. सगळं शहर एकाच तासात रस्त्यावर आलं आणि मीठ टाकणाऱ्या गाड्याही त्याच कोंडीत अडकल्या. शाळा आधी, कचेऱ्या मागाहून, असा क्रम सकाळीच लावला असता तर? त्याला पैसे लागत नव्हते, फक्त कुणीतरी आधी ठरवायला हवं होतं.

शिकागोचं उदाहरण राजकारण्यांसाठी. जानेवारी १९७९ मध्ये तिथे प्रचंड हिमवादळ झालं, रस्ते बरेच दिवस तुंबलेले राहिले. महापौर मायकेल बिलँडिक सगळं आटोक्यात असल्याचं सांगत राहिले. रेल्वेगाड्या वेळेवर धावाव्यात म्हणून काही कृष्णवर्णीय वस्त्यांतली स्थानकं गाळून गाड्या पुढे नेल्या गेल्या. फेब्रुवारीअखेर पक्षांतर्गत निवडणूक झाली आणि बिलँडिक यांना जेन बर्न यांनी हरवलं. मतदारांना काय बर्फ कुणी पाडला हे कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. बर्फ साफ कुणाच्या दारातला झाला आणि कुणाच्या नाही, हेही कळत होतं.

पण माझ्या मुद्द्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा डिसेंबर २०२२ चा आहे. नाताळात अमेरिकेवर मोठं हिमवादळ आलं. सगळ्याच विमान कंपन्यांच्या फेऱ्या रद्द झाल्या. दोन-चार दिवसांत बाकीच्या सावरल्या, साउथवेस्ट मात्र सावरेना. तिच्या सुमारे १६,९०० फेऱ्या रद्द झाल्या, वीस लाखांवर प्रवासी लटकले. कोणता वैमानिक कोणत्या गावात आहे हेच कंपनीच्या यंत्रणेला कळेनासं झालं. आपण कुठे आहोत हे सांगायला कर्मचारीच फोन धरून तासन्‌तास थांबले होते. वर्षभराने तिथल्या सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. तेच वादळ, तेच विमानतळ, तोच नाताळ. वेगळा होता तो कंपनीचा घरचा कारभार. मग 'हवामानामुळे' हे उत्तर पुरेसं कसं मानायचं?

हा प्रश्न पुण्यात तर जास्तच टोचायला हवा. धुक्याबद्दल या देशात सर्वांत जास्त कळणाऱ्या गावांपैकी हे एक गाव आहे. पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर उपकरणं मांडून धुक्याचा अभ्यास करते आहे. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसचं नाव आपण चौकाचं नाव म्हणून घेतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, त्याची ती खूण. रब्बीच्या पाण्याने ओली झालेली गंगेच्या खोऱ्यातली जमीन, पश्चिमी विक्षोभाने, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेने आणलेला ओलावा, पडलेला वारा, लांबलेली रात्र आणि हवेतले धुराचे कण, एवढं जमलं की धुकं धरणार. मध्यरात्रीनंतर ते दाटतं आणि ऊन चढलं की बहुधा विरतं. अमुक तारखेला ते किती वाजता पडेल हे सांगणं अवघड असेल, पण हंगाम तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या कागदावरच आहे: १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी. या काळात दिल्लीच्या फेऱ्यांवर कॅट-३ चं प्रशिक्षण झालेले वैमानिक नेमणं अपेक्षित असतं. ते नेमले नाहीत म्हणून जानेवारी २०२४ मध्ये एअर इंडिया आणि स्पाइसजेटला प्रत्येकी ३० लाखांचा दंड झाला. ज्या संकटाला सरकारी तारखा आहेत, ते अकल्पित कसं?

आणि तरीही वेळापत्रक कसं असतं ते पाहा. विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागतं आणि मार्चअखेरपर्यंत चालतं. त्यात हिवाळ्याची दखल म्हणून फेऱ्या कमी होत नाहीत, उलट वाढतात. लग्नसराई, नाताळ, नवं वर्ष. २०२५ च्या हिवाळ्यासाठी देशात त्याआधीच्या उन्हाळ्यापेक्षा जास्त फेऱ्या मंजूर झाल्या. पहाटे साडेपाचला पुण्याहून सुटलेलं विमान पावणेआठच्या सुमाराला दिल्लीवर पोहोचतं, नेमकं धुकं सर्वांत घट्ट असतं तेव्हा. ते तिथे अडकलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या मागे पडतात, कारण तेच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारणार असतं आणि दोन फेऱ्यांमध्ये अर्ध्या-पाऊण तासाची फट ठेवलेली असते. संध्याकाळी नागपूरला जायला निघालेला माणूस लोहगावला बसून विचारतो, 'नागपूरला तर ऊन आहे, मग कसलं धुकं?' त्याचा प्रश्न चुकीचा नाही. त्याचं विमान सकाळी दिल्लीत उभं होतं.

अशी एक रात्र लोहगावला पाहिली आहे. फलकावरची वेळ दर अर्ध्या तासाने अर्ध्या तासाने पुढे सरकते. कुणीही एकदाच 'चार तास लागतील' असं सांगत नाही, कारण तसं सांगितलं तर लोक पर्याय मागतील. लग्नाला निघालेली मंडळी बॅगा उघडून साड्यांना इस्त्री कुठे मिळेल याची चर्चा करतात. एक आजोबा सुनेला फोनवर सांगतात, 'तू झोप गं, मी बसलोय निवांत', आणि फोन ठेवून खिशातली गोळ्यांची पुडी उलटी-पालटी करत बसतात. रात्रीच्या गोळीआधी काहीतरी खायचं असतं आणि खाण्याचं कूपन द्यायला काउंटरवर माणूस नसतो. या कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर हेच दिसलं असतं.

या ढिलाईमागे नियमाचाही हात आहे. डीजीसीएच्या नियमांनुसार उशीर किंवा रद्द होण्याचं कारण कंपनीच्या आवाक्याबाहेरचं असेल, जसं हवामान, तर रोख भरपाई द्यावी लागत नाही. थांबण्याच्या वेळेनुसार खाणंपिणं द्यावं लागतं, पण ते किती मिळतं हे आत्ताच सांगितलं. नियम मुळात वाजवी आहे. कंपनीने काय दिल्लीवर पंखे लावायचे? पण त्याचा परिणाम असा झाला की 'हवामान' हे उत्तर फुकटचं झालं. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या, तेव्हा कंपनीच्या निवेदनातल्या कारणांत हिवाळी वेळापत्रकातले बदल आणि प्रतिकूल हवामान हेही होतं. मूळ दुखणं वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी माणसं तयार न ठेवण्याचं होतं. पण त्या गोंधळातून एक गोष्ट कळली: सरकारने कंपनीला फेऱ्यांत १० टक्के कपात करायला लावली. म्हणजे फेऱ्या कमी करायला लावणं सरकारला जमतं. आग लागल्यावर जमतं, तर आधी का जमू नये?

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा. सैल वेळापत्रकाला पैसे लागतात. उभं विमान कमावत नाही, पण त्याचं भाडं चालूच राहतं. आज मध्यमवर्गीय माणूस दिल्लीला विमानाने जाऊ शकतो तो याच घट्ट वेळापत्रकाच्या जिवावर. फेऱ्या विरळ करा, तिकीट महागेल. आणि आधीच रद्द केलं, पण त्या सकाळी धुकं पडलंच नाही तर? दोन्ही आक्षेप खरे आहेत. दोन महिने तिकीट थोडं महाग होईल आणि काही स्वच्छ सकाळी विमानं उगीच उभी राहतील. पण उशिराचा खर्च आज होत नाही का? तो होतोच. मुलाखत हुकलेला मुलगा, हॉटेलचं भाडं, पुढच्या गाडीचं बुडालेलं तिकीट, सुट्टीचा एक दिवस, सगळं प्रवाशाच्या खिशातून जातं. कंपनीच्या ताळेबंदात ते दिसत नाही म्हणून ते स्वस्त वाटतं.

शिवाय हा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे, आणि ज्यांना आपण ऊठसूट नावं ठेवतो त्यांनी तो केला आहे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक दर वर्षी साधारण जून ते ऑक्टोबर लागू असतं. गाड्यांचा वेग कमी, वेळा वेगळ्या, रुळांवर रात्रीची गस्त. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे झालेल्या अपघातात ५१ माणसं गेली. त्या मार्गावर पावसाळ्याला कुणी हलक्यात घेत नाही. चाकरमानी कुरकुरतो, पण गणपतीला जाताना गाडी उशिरा पोहोचणार हे तिकीट काढतानाच त्याला ठाऊक असतं. उत्तर रेल्वेही धुक्याच्या महिन्यांत काही गाड्या रद्द आणि काहींच्या फेऱ्या कमी झाल्याचं आधीच जाहीर करते. सगळ्याच स्वच्छ सकाळी त्या गाड्या उभ्या का, असा मोर्चा कुणी काढलेला नाही. धुक्यात सिग्नलच्या सुमारे २७० मीटर अलीकडे रुळावर फटाके लावायचे आणि त्यांच्या आवाजावरून चालकाने सिग्नल आला हे ओळखायचं, ही रेल्वेची जुनी रीत. आता इंजिनात जीपीएसवर चालणारी उपकरणं आली. झेलमने जम्मूला गेलेल्या कुठल्याही पुणेकराला विचारा, गाडी धुक्यात रखडते. पण रखडणार आहे हे गृहीत धरून तो निघतो.

उत्तरेची थंडी मराठी माणसाला काही नवी नाही. पानिपतावर भाऊसाहेबांचं सैन्य थंडीने काकडलं हे खरं. पण डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीचा मोठा आधार तुटला, तिथून सैन्य उपासमारीकडे गेलं. जानेवारीत थंडी पडणार हे दोन्ही छावण्यांना माहीत होतं. शत्रूच्या छावणीत धान्य पोहोचत होतं.

व्यवहाराचं बोलायचं तर बदल फार मोठा नाही. पहाटेची पुण्याची विमानं या दोन महिन्यांपुरती दिल्लीऐवजी हैदराबाद, कोचीकडे पाठवावीत आणि दिल्लीच्या फेऱ्या उशिराच्या सकाळी, दुपारी न्याव्यात. अडचण आहे: लोहगावला दिवसा हवाई दलाचा सराव असतो, आणि दिल्लीची दुपारही भरलेली आहे. म्हणून एकूण संख्या कमी करावीच लागेल. दिल्लीला जाणारं विमान त्याच दिवशी पुन्हा तिसऱ्या-चौथ्या गावाला जोडू नये, म्हणजे एका धुक्याची झळ देशभर पोहोचणार नाही. डीजीसीएच्या १५ जानेवारी २०२४ च्या सूचनांप्रमाणे तीन तासांपेक्षा जास्त उशीर होणार असं दिसलं तर कंपनी फेरी पुरेशी आधी रद्द करू शकते. ही मुभा सक्तीत बदलावी.

आणि रस्त्याचं काय? रात्री दहाला यायची तीन विमानं दीड-दोनच्या सुमाराला एकापाठोपाठ उतरतात तेव्हा पाच-सहाशे माणसं बॅगा ओढत एरोमॉलच्या, म्हणजे विमानतळाच्या बहुमजली पार्किंगच्या दिशेने निघतात. मेट्रो कधीच बंद झालेली, रामवाडी स्थानक कुलूपबंद. कॅबचा दर अ‍ॅपवर डोळ्यांदेखत चढतो, रिक्षावाला मीटर हा शब्दच विसरलेला असतो, आणि ५०९ चौकाकडे मध्यरात्री दिवसासारखी रांग लागते. विमानं किती वाजता येणार हे विमानतळाला दोन-तीन तास आधी कळलेलं असतं. पीएमपीएमएलच्या चार बस त्या वेळी स्वारगेट, हिंजवडी, निगडीकडे लावायला काय लागतं? एक फोन आणि तो उचलणारा माणूस. अटलांटाला जे जमलं नाही ते इथेही जमत नाही, फक्त इथे बर्फ नसतो.

पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ जून २०२४ पासून नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आहेत, तेव्हा हे गाऱ्हाणं घेऊन दिल्लीपर्यंत जायची गरज नाही. विमानतळ सल्लागार समितीत हा विषय दर हिवाळ्यात निघतो, तोही बहुधा जानेवारीत, प्रवासी चिडलेले असताना. तेव्हा काही होत नाही, कारण वेळापत्रक लागून तीन महिने झालेले असतात. पुढच्या हिवाळ्याच्या वेळा उन्हाळा-पावसाळ्यातच ठरायला लागतात. हा विषय बैठकीच्या पत्रिकेवर मे महिन्यात यायला हवा, गावात आंबे संपायच्या आत, धुक्याची कुणाला आठवणही नसताना.